साधं लग्न झालंय, आता सगळ्यांना बोलवायचंय: मोठ्या सोहळ्याआधी काय तपासावं आणि त्यात काय करावं

२०२० च्या उन्हाळ्यात लग्नाला ५० माणसांची मर्यादा होती. एप्रिल २०२१ मध्ये महाराष्ट्र सरकारने ती २५ वर आणली, लग्न दोन तासांत उरकायचं असा आदेश काढला आणि मोडल्यास ५० हजारांचा दंड ठेवला. त्याच वर्षी कर्नाटकाने कोगनोळी नाक्यावर आरटीपीसीआरचा अहवाल मागायला सुरुवात केली. कोल्हापूर, गडहिंग्लज, चंदगडची माणसं मग बेळगाव-निपाणीच्या लग्नांना पोचलीच नाहीत, आणि इकडची तिकडे गेली नाहीत. मुलीला मंडपात आणायला मामा नाही, आत्या व्हिडिओ कॉलवर, आजी वरच्या खोलीत बंद, अशी लग्नं आपल्या भागात घरोघर झाली.

त्या जोडप्यांपैकी अनेकांना आता तेव्हा राहिलेल्या माणसांना बोलावून नीट सोहळा करायचा आहे. करोनाशी संबंध नसलेलीही कितीतरी आहेत. कुणी खर्च नको म्हणून रजिस्टर लग्न केलं, कुणी आंतरजातीय म्हणून दोन-चार मित्रांच्या साक्षीने केलं आणि आता घरच्यांचा राग निवळलाय. कुणाला परदेशी जायची घाई होती. इंदूर, ग्वाल्हेर, बडोदा, हैदराबादकडच्या मराठी घरांत आणखी एक अडचण असते. निम्मे नातेवाईक महाराष्ट्रात, उरलेले तिसऱ्याच राज्यात. लहान लग्न जिथे झालं तिथले तेवढे आले, बाकीच्यांना फोटोच दिसले.

असा सोहळा करायला कायद्याची आडकाठी नाही. नवरा-बायकोने पाच वर्षांनी पुन्हा हार घातले, पुन्हा वचनं दिली, तरी कुणाची परवानगी लागत नाही. पण हॉल बघण्याआधी एक गोष्ट तपासावीच लागते: पहिलं लग्न कायद्याने पूर्ण झालेलं होतं का? हा प्रश्न ऐकून लोक हसतात. दाखला आहे की कपाटात! अडचण नेमकी त्या दाखल्यापाशीच असू शकते.

दाखला आहे, पण लग्न झालंय का?

सर्वोच्च न्यायालयापुढे एप्रिल २०२४ मध्ये निकाली निघालेलं एक प्रकरण इथे माहीत असलेलं बरं. मुलगा-मुलगी दोघंही वैमानिक. मार्च २०२१ मध्ये साखरपुडा झाला. जुलैमध्ये त्यांनी एका संस्थेकडून विवाहाचा दाखला घेतला आणि त्यावर उत्तर प्रदेशात सरकारी नोंदणीही करून घेतली. विधी झाले नव्हते. खरं लग्न, म्हणजे मांडव, पाहुणे आणि सगळं, ऑक्टोबर २०२२ ला ठरलं होतं. ती तारीख यायच्या आत दोघांचं बिनसलं आणि प्रकरण कोर्टात गेलं. न्यायमूर्ती बी. व्ही. नागरत्ना आणि न्यायमूर्ती ऑगस्टीन जॉर्ज मसीह यांच्या खंडपीठाने सांगितलं की हिंदू विवाह कायद्याखाली विधीच झाले नसतील तर ते लग्नच नाही. संस्थेचा दाखला आणि त्यावरची सरकारी नोंद, दोन्ही रद्द. ते दोघं कधी नवरा-बायको झालेच नव्हते.

'आधी कागद करून ठेवू, मोठं लग्न नंतर' ही आपल्याकडे आता सर्रास चाललेली पद्धत आहे. व्हिसासाठी, कंपनीच्या क्वार्टरसाठी, कर्जासाठी. म्हणून हा निकाल आपल्या कामाचा.

हिशेब असा आहे. हिंदू विवाह कायदा, १९५५ च्या कलम ७ प्रमाणे दोघांपैकी एकाच्या रीतीप्रमाणे विधी व्हावे लागतात. त्या रीतीत सप्तपदी असेल तर सातवं पाऊल पडलं की लग्न पूर्ण. कलम ८ ची नोंदणी ही झालेल्या लग्नाचा पुरावा आहे. लग्न झालं असेल आणि नोंदणी नसेल, तरी लग्न टिकतं. उलट, नोंदणी आहे आणि लग्न झालेलंच नाही, तर नोंदणी टिकत नाही. महाराष्ट्रात महापालिका किंवा ग्रामपंचायत १९९८ च्या कायद्याखाली जो दाखला देते, तोही आधी लागलेल्या लग्नाचाच.

विशेष विवाह कायदा, १९५४ ची गोष्ट वेगळी आहे. तिथे ३० दिवसांची नोटीस लागते. मग विवाह अधिकारी आणि तीन साक्षीदारांसमोर एकमेकांना कायदेशीर पती-पत्नी म्हणून स्वीकारत असल्याचं दोघांनी तोंडाने म्हणायचं आणि सही करायची. तीच सही म्हणजे लग्न. होम नाही, मंगळसूत्र नाही, तरीही ते शंभर टक्के लग्न. आपण ज्याला 'रजिस्टर लग्न' म्हणतो ते खरं तर हेच. पण बोलीत दोन्ही प्रकारांना एकच शब्द वापरतात आणि तिथेच घोळ होतो.

तेव्हा कपाटातला दाखला काढा आणि वरचं नाव वाचा. 'विशेष विवाह अधिनियम, १९५४' असेल आणि त्याच कार्यालयात, साक्षीदारांसमोर तुमचं लग्न लागलं असेल, तर निश्चिंत राहा. हिंदू विवाह कायद्याचं किंवा राज्याच्या नोंदणी कायद्याचं नाव असेल, तर नोंदणीआधी विधी झाले होते का ते आठवा. देवळात पाच माणसांत का होईना, घरच्या ओटीवर गुरुजी आणि चार नातेवाईक का असेनात, विधी झाले असतील तर पुरे. माणसं किती होती हे कायदा विचारत नाही. पण एजंटाने दोन दिवसांत काम करून दिलं, हार घातलेला एक फोटो काढला, एवढंच झालं असेल, तर तुमचा येऊ घातलेला 'मोठा सोहळा' हा दुसरा सोहळा नाही, तेच तुमचं पहिलं लग्न आहे. सगळे विधी करा, फोटो-साक्षीदार ठेवा आणि जुन्या नोंदीचं काय करायचं ते वकिलाला विचारून ठरवा. मुलं झाली असतील, घर दोघांच्या नावावर असेल तर हे काम टाळूच नका.

काहीजण म्हणतात, हार घातले, अंगठ्या घातल्या म्हणजे झालं की. तामिळनाडूत तसं चालतं, कारण त्या राज्याने १९६७ मध्ये हिंदू विवाह कायद्यात कलम ७-अ घालून स्वाभिमान विवाहाला मान्यता दिली. ते कलम तिथपुरतंच आहे. कर्नाटकात किंवा महाराष्ट्रात त्याचा आधार घेता येत नाही.

गोव्यात काय?

गोव्यात पोर्तुगीज काळापासूनचा नागरी कायदा आहे आणि तिथे लग्न आधी सिव्हिल रजिस्ट्रारकडे जातं. पहिली सही इच्छा जाहीर करण्याची, मग हरकतींसाठी मुदत, मग साक्षीदारांसमोर दुसरी सही. म्हणून गोव्यातल्या घरांत 'सही झाली, लग्न दिवाळीनंतर' हे वाक्य सहज ऐकू येतं. ती पुढची गोष्ट घरच्यांसाठी मोठी असली, तरी हिंदू जोडप्याचं कायद्यातलं लग्न रजिस्ट्रारकडेच झालेलं असतं. दोन्ही सह्या झाल्या आहेत ना, एवढं पाहून घ्या. एका सहीवर थांबलेलं प्रकरण म्हणजे लग्न नव्हे.

गोव्याची दुसरी बाब पैशाची. लग्नाआधी वेगळा करार केला नसेल तर तिथे पती-पत्नीची मालमत्ता सामाईक होते, निम्मी-निम्मी. हा करार लग्नाआधीच करायचा असतो, नंतर बदलता येत नाही. मोठा सोहळा पाच वर्षांनी केला म्हणून ती संधी परत येत नाही. सावंतवाडी, बेळगावकडच्या मुली गोव्यात देतात, त्या घरांना हे बहुतेक वेळा सही झाल्यावर कळतं.

आणि जे बाहेरून गोव्यात समुद्रकिनारी सोहळा करायला जातात, त्यांच्यासाठी: किनाऱ्यावरचा मांडव म्हणजे नोंदणी नाही. तुमचं लग्न आधी तुमच्या गावी झालेलं असेल तर गोव्यात काहीच नोंदवायचं नसतं.

कॅथलिक घरांत फरक आहे. चर्चमध्ये लागलेल्या लग्नाच्या २५ किंवा ५० वर्षांनी मिस्सेत जोडपं पुन्हा वचन देतं. पाद्री आशीर्वाद देतात, तो नवा संस्कार नसतो. पण दोघांनी फक्त सिव्हिल लग्न केलेलं असेल आणि आता चर्चमध्ये करायचं असेल, तर चर्चच्या दृष्टीने तेच पहिलं लग्न. पॅरिशच्या पाद्रींशी बरेच आधी बोलायला लागतं.

तारीख पहिलीच

सोहळ्यानंतर घरात हमखास एक वाद होतो. लग्नाचा वाढदिवस कुठला धरायचा? घरात कुठलाही धरा. कागदावर पहिलाच.

नोकरीतलं सर्व्हिस बुक, पेन्शनचं नामांकन, विमा, व्हिसाचा अर्ज, सगळीकडे एकच तारीख असली पाहिजे. एका अर्जात २०२१ आणि दुसऱ्यात २०२६ लिहिलं की पुढे उत्तरं देत बसावं लागतं. दुर्दैवाने काही बिघडलंच तर घटस्फोटाच्या अर्जाआधीचं एक वर्षही पहिल्या तारखेपासून मोजलं जातं. परदेशात जाणाऱ्यांनी फोटोंच्या अल्बमवर 'विवाह सोहळा' असं छापून घेऊ नये. व्हिसा अधिकाऱ्याला दाखल्यावरची तारीख आणि फोटोतला मांडव जुळला नाही की तो विचारणारच.

पहिल्या लग्नाची नोंदणीच राहिली असेल तर ती आता करून घ्या, पण पहिल्या तारखेने. सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २००६ मध्ये सर्व राज्यांना विवाहनोंदणी सक्तीची करायला सांगितलं. त्याच वर्षी गुजरातने कायदा केला, मध्य प्रदेशाने २००८ मध्ये नियम केले. कर्नाटकाचा कायदा १९७६ चा आहे. महाराष्ट्रात ९० दिवसांत नोंदणी करायची असते, उशीर झाला तर दंड भरून होते. अर्जावर तीन साक्षीदार आणि पुरोहिताची माहिती-सही लागते. म्हणजे त्या २५ माणसांतले तीन आणि लग्न लावणारे गुरुजी शोधायचे. सोहळा दुसऱ्या राज्यात केला म्हणून तिथे नवी नोंदणी करायची नसते. दोन राज्यांत दोन तारखांचे दोन दाखले म्हणजे विकतचं दुखणं.

आहेराचंही बघा. लग्नाप्रसंगी मिळालेल्या भेटींवर आयकर नाही, कितीही असोत. पण ही सवलत लग्नापुरती आहे, वाढदिवसाला किंवा अशा सोहळ्याला ती लागू नाही. आई-वडील, भावंडं, काका-मामा-आत्या अशा कायद्याने ठरवलेल्या नातेवाइकांकडून आलेलं कधीही करमुक्तच. मित्र, शेजारी, धंद्यातली माणसं यांच्याकडून वर्षभरात मिळून ५० हजारांच्या वर गेलं, तर ती सगळी रक्कम उत्पन्नात धरली जाते. त्यापेक्षा पत्रिकेत 'आहेर स्वीकारला जाणार नाही' लिहिलेलं उत्तम. तसंही एकाच लग्नाला दोनदा आहेर घेणं बरं दिसत नाही.

आणि सरकारी सामूहिक विवाह योजनेत, मध्य प्रदेशातली कन्या विवाह योजना असो की दुसरी कुठली, आधीच लग्न झालेल्यांनी नवं जोडपं म्हणून बसायचं नाही. मोठा सोहळा फुकटात होतो म्हणून कुणी सुचवलं तरी नाही. ती फसवणूक आहे.

याला म्हणायचं काय?

मराठीत या सोहळ्याला रूढ शब्द नाही. 'वचनांचं नूतनीकरण' म्हटलं की आरटीओतला परवाना आठवतो. 'पुनर्विवाह' तर चुकूनही छापू नका. मराठीत त्या शब्दाचा अर्थ विधवा-विधुराचं किंवा घटस्फोटितांचं दुसरं लग्न असा पक्का बसलाय. पत्रिका वाचून गावात भलतीच चर्चा सुरू होईल. 'शुभविवाह' हाही नको, कारण तो झालेला आहे. 'सहजीवन सोहळा' किंवा सरळ 'लग्नाचा पाचवा वाढदिवस' चांगलं. मजकुरात साध्या शब्दांत लिहावं: आमचं लग्न अमुक तारखेला मोजक्या माणसांत झालं, तेव्हा आपल्याला बोलावता आलं नाही, आता या. हे वाचून लोकांचा रुसवा अर्धा तिथेच जातो. घरात एक बाजू कानडी किंवा गुजराती असेल तर पत्रिका दोन्ही भाषांत काढावी, आणि दुसरी भाषा त्याच घरच्या माणसाकडून लिहून घ्यावी.

विधी कुठले करावेत

इथे दोन टोकं दिसतात. एक, लग्नाची हुबेहूब नक्कल: मुहूर्तमेढ, हळद, सीमांतपूजन, अंतरपाट, मंगलाष्टकं, सगळं. दुसरं, विधी काहीच नाही, नुसतं स्टेज, केक आणि बुफे. पहिल्यात गुरुजींना अवघडायला होतं, दुसऱ्यात पाहुण्यांना कळत नाही आपण कशाला आलो.

विवाह हा संस्कार आहे आणि संस्कार एकदाच होतो, म्हणून कन्यादान, विवाहहोम, सप्तपदी पुन्हा करायला अनेक गुरुजी तयार नसतात. त्यांच्यावर जबरदस्ती करू नये. त्यांचं म्हणणं बरोबरच आहे. दिलेली कन्या पुन्हा कशी देणार? पण लग्नातले निम्मे विधी संस्काराचे असतात आणि निम्मे नात्यांचे. लहान लग्नात संस्कार पूर्ण होतो, नात्यांचे विधी मात्र राहतात, कारण ती माणसंच नसतात. मामाने मुलीला हात धरून आणणं, भावाची कानपिळी, करवलीचा रुसवा, विहिणींची ओटी, विहिणींची पंगत, सासूने आरशात सूनमुख पाहणं, झाल, आज्यांनी केलेलं औक्षण, घास भरवताना घेतलेले उखाणे. यातलं काहीही पाच वर्षांनी केलं तरी शास्त्राला धक्का लागत नाही.

म्हणून माझं मत असं की यादी विधींची करू नये, माणसांची करावी. तेव्हा कोण आलं नव्हतं? त्या माणसाचा लग्नात मान काय होता? तोच विधी करायचा. मामा नाक्यापलीकडे अडकला होता ना, मग या वेळी भाचीला मंडपात तोच घेऊन येईल. आत्याची ओटी राहिली होती, ती भरा. ज्या नवऱ्या मुलाला भाऊ कान पिळायला नव्हता त्याचा कान आता पिळा. पाच वर्षांत तक्रारीही जमल्या असतील, पिळायला कारण आहे. या पद्धतीने सोहळा चाळीस मिनिटांत होतो आणि हॉलमधल्या प्रत्येकाला कळतं की आपल्याला का बोलावलंय.

जी माणसं तेव्हा होती आणि आता नाहीत, त्यांच्यासाठी एक खुर्ची आणि फोटो ठेवतात. ठेवावा. भाषण करू नये.

पूजेत अडचण नाही. सत्यनारायण, उदकशांत, कुलदैवताची ओटी ही कधीही करता येतात. अनेक घरांत लग्नानंतरचा जागरण-गोंधळ राहून गेलाय. तेव्हा देवळं बंद होती, गोंधळी येऊ शकत नव्हते. जेजुरी, तुळजापूर, जोतिबा किंवा सौंदत्तीच्या यल्लम्माला जोडीने जाणंही राहिलं. ते देवाचं देणंच असतं, आता फेडायचं. सोहळ्याच्या आदल्या रात्री घरच्या अंगणात गोंधळ आणि दुसऱ्या दिवशी जेवण, हा बेत मला तरी स्टेजपेक्षा भारी वाटतो.

मंगळसूत्राचा प्रश्न बायका विचारतात: पुन्हा घालायचं तर गळ्यातलं काढायचं का? काढू नये असं वाटणारी घरं पुष्कळ आहेत. सराफाकडून नवी पोत ओवून आणावी आणि नवऱ्याने जुन्यावरच ती घालावी, नाहीतर सासूने जुनी ठेव म्हणून दिलेला एखादा दागिना त्या वेळी घालावा.

आणखी एक जोडणी शक्य आहे. घरात आई-वडिलांची साठी आली असेल तर त्याच दिवशी त्यांची षष्ठ्यब्दी करा. महाराष्ट्रात साठीला उग्ररथ शांत करतात. दक्षिणेत याच वेळी नवरा बायकोला पुन्हा मंगळसूत्र बांधतो आणि ते लग्नासारखंच साजरं होतं. बेळगाव, हैदराबादकडच्या मराठी घरांनी शेजाऱ्यांकडे हे पाहिलेलं असतं. म्हणजे लग्न पुन्हा साजरं करायचा परंपरेतला रस्ता हवाच असेल, तर तो आधीच आहे, फक्त वय साठ लागतं.

मुस्लिम घरांत लहान निकाह आणि मोठा वलीमा ही विभागणी मुळातच आहे. बौद्ध पद्धतीत बुद्ध आणि बाबासाहेबांच्या प्रतिमेसमोर त्रिशरण-पंचशील घेऊन जोडप्याने पुन्हा प्रतिज्ञा म्हणायला काहीच हरकत नसते. बाबासाहेबांनी सविताबाईंशी लग्न केलं तेही १५ एप्रिल १९४८ ला दिल्लीत, नोंदणी पद्धतीने, अगदी मोजक्या माणसांत.

वचनं

सप्तपदीतल्या सात पावलांना सात हेतू आहेत: अन्न, बळ, धन, सुख, संतती, ऋतू आणि शेवटी सख्य. मंत्र बहुतांशी नवऱ्याच्या तोंडी आहेत. जोतीराव फुल्यांनी सत्यशोधक पद्धत घातली तेव्हा नेमका हाच भाग बदलला. त्यांच्या मंगलाष्टकांत वधू आणि वर दोघंही बोलतात, दोघंही एकमेकांकडे मागणं मागतात. सत्यशोधक समाज १८७३ चा, आणि त्यांचं पूजाविधीचं पुस्तक १८८७ चं. पुण्याच्या ज्ञान प्रबोधिनीनेही संस्कारांचा अर्थ मराठीत सांगत विधी करण्याची पद्धत रुळवली आहे. तेव्हा वचनं देण्याची कल्पना परदेशी सिनेमातून आली असं कुणी म्हटलं, तर तसं नाही.

पाच वर्षांनी दिलेल्या वचनाला एक फायदा असतो, समोरचा कसा आहे ते माहीत असतं. सात पावलांचा सांगाडा घ्या आणि त्यावर आपलं लिहा. अन्नाच्या पावलावर 'रविवारचा स्वयंपाक माझा'. धनाच्या पावलावर 'तुझ्या आईच्या औषधांचा खर्च आपल्या दोघांचा, मला विचारायचं नाही'. नवऱ्याने बोलायचं, मग बायकोने. दोघांचं मिळून चार-पाच मिनिटं, त्यावर नको. ज्या भाषेत घरी बोलता त्याच भाषेत बोला; बेळगावी असेल तर बेळगावी, बायको कानडी असेल तर तिची वचनं कानडीत. माहेरच्यांना कळायला नको का? आणि जे खरंच करणार नाही ते बोलू नका, कारण आता तीनशे साक्षीदार आहेत.

दिवस, जागा, जेवण

विधी लग्नाचे नसल्याने लग्नाचा मुहूर्त लागत नाही. आषाढी एकादशीपासून तुळशीच्या लग्नापर्यंत लग्नं थांबतात, कार्यालयं रिकामी असतात आणि भाड्यात घासाघीस करता येते. पण बेळगाव, चंदगड, सावंतवाडी, गोवा या पट्ट्यात आषाढ-श्रावणातला पाऊस म्हणजे काय ते सांगायला नको. आंबोली किंवा चोर्ला घाटातून वऱ्हाड आणायचं असेल तर हा काळ टाळा. दसरा ते दिवाळी हा मधला मेळ बरा.

जागेचं नाव गावागणिक बदलतं, इकडे मंगल कार्यालय किंवा कल्याण मंटप, बडोद्यात पार्टी प्लॉट, इंदुरात मॅरेज गार्डन, हैदराबादेत फंक्शन हॉल. बुकिंगच्या वेळी 'लग्न' न म्हणता 'वाढदिवसाचं जेवण' म्हणून दर विचारा. बहुतेक ठिकाणी लग्नाचं पॅकेज दोन दिवसांचं असतं. तुम्हाला अर्धा दिवस पुरतो.

जेवणावर मात्र हात आखडू नये. लोक तेवढ्यासाठी नव्हे, पण त्याच्या आठवणीने बोलतात. २५ माणसांच्या लग्नात मांडे नव्हते ही बेळगावात आजही काढली जाणारी उणीव आहे. आता करा, सोबत कुंदा ठेवा. एक तरी पंगत बसवा, निदान वडीलधाऱ्यांची. विहिणींच्या पंगतीचा मान तेव्हा राहिला होता, तो त्यातच उरकतो.

गाण्यांबद्दल एक सावधानता. लग्नात आणि लग्नाशी निगडित समारंभांत गाणी वाजवायला परवाना लागत नाही, असं केंद्राने जुलै २०२३ मध्ये स्पष्ट केलंय. पाच वर्षांनंतरचा सोहळा त्यात बसतो असं हॉलवाला मानेलच असं नाही, तेव्हा बुकिंग करतानाच विचारून घ्या. रात्री दहानंतर लाऊडस्पीकर कुठल्याच राज्यात सर्रास चालत नाही. सनई-चौघडा किंवा ओळखीतला पेटी-तबला लावला तर परवान्याची भानगडच उरत नाही, आणि म्हाताऱ्या माणसांना एकमेकांशी बोलताही येतं.

तुमची मुलं असतील तर त्यांना काम द्या. चार वर्षांच्या पोरीला आई-बाबांच्या 'लग्नात' अक्षता वाटायला मिळाल्या की ती दिवसभर रडत नाही. तिच्या शाळेत दुसऱ्या दिवशी काय सांगितलं जाईल याची मात्र तयारी ठेवा.